लांब फेकू की जवळ? ठाणे खाडीत ल्युअरने (म्हणजे नकली आमिषाने) गरवणाऱ्या नवशिक्यांसाठी

पहिल्या हंगामात माझ्याकडे दहा फुटी रॉड होता, चाळीस ग्रॅमचा चकचकीत स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्युअर) होता आणि एकच ध्यास होता: आदल्या रविवारपेक्षा लांब. नवी मुंबईतल्या सारसोळ्याच्या जेट्टीवर उभी राहून मी जीव खाऊन फेकायचे. स्पून दूर कुठेतरी टुबकन पडायचा आणि परत येताना प्लास्टिकची पिशवी, निर्माल्य, एकदा तर कुणाच्या तरी जुन्या जाळ्याचा तुकडा घेऊन यायचा. तीन महिन्यांची कमाई म्हणजे एक शिंगाळा. शेजारी पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन उभे असणारे एक कोळी काका हा तमाशा रोज बघायचे. एका सकाळी त्यांना राहवलं नाही. "बाय, मासे काय पलीकडं ट्रॉम्बेला हायेत का? पायाजवल बघ ना."

मी खाली बघितलं. खांबाशेजारी बोयांची पिल्लं एकदम उधळली आणि पाण्यात परातीएवढा भोवरा उठला. माझा स्पून तेव्हा साठ मीटर लांब होता. (साठ हा तेव्हाचा माझा समज. खरा आकडा पुढे येईलच.)

त्यानंतर चार हंगाम ठाणे खाडी, पनवेल खाडी आणि घोडबंदरकडची उल्हासची खाडी अशी भटकंती झाली. माझ्या आजोळी या उद्योगाला 'गरवणं' म्हणतात, इथली रॉडवाली मंडळी 'कास्टिंग' म्हणतात; शब्द कोणताही वापरा. नव्याने आलेला प्रत्येक जण विचारतो की किती लांब टाकायचं. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी रॉडच्या हातात नसतं, पाण्याच्या हातात असतं. म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

1. सामान: थोडं, पण एकमेकांना जुळणारं

दुकानात गेलात की लांब रॉड गळ्यात मारला जातो, कारण तो दिसायला रुबाबदार असतो. खाडीसाठी सुरुवातीला एवढं पुरे:

- रॉड: सात फुटी, मीडियम, 10 ते 30 ग्रॅमचे ल्युअर पेलणारा. दहा फुटी रॉड तिवरांच्या फांद्यांखाली आडवा फिरवताच येत नाही.
- रीळ: 2500 किंवा 3000 आकाराचं स्पिनिंग रीळ.
- लाईन: 20 पाउंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली), 150 मीटर.
- लीडर (लाईन आणि ल्युअर यांच्यामधला मजबूत तुकडा): 30 ते 40 पाउंडाची फ्लोरोकार्बन, पाऊण मीटरच्या आसपास. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. लीडर नसेल तर ही कड ब्रेडेड लाईन एका झटक्यात कापते.
- ल्युअर: चारच. 9-10 सेंटीमीटरचा तरंगता मिनो (छोट्या माशासारखा ल्युअर), 10 ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोक्याच्या गळावर) लावलेलं सॉफ्ट प्लास्टिक, एक पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करत चालणारा), आणि 20 ते 28 ग्रॅमचा स्पून.
- लांब नाकाची पक्कड, लांब दांड्याची जाळी, पोलराइज्ड चष्मा, टोपी, हेडलॅम्प, पिण्याचं पाणी, तुटक्या लाईनसाठी एक पिशवी.
- आधार किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र. पुलांच्या आणि बंदराच्या आसपास पोलीस किंवा सुरक्षारक्षक विचारतात, आणि विचारणं त्यांचं काम आहे.

मोनो (एकाच धाग्याची) लाईन स्वस्त पडते म्हणून घेऊ नका असं म्हणणार नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: मोनो ताणली जाते. चाळीस मीटर लाईन बाहेर असताना ती दहा टक्के जरी ताणली गेली तरी तुमच्या झटक्यातले चार मीटर लाईनच खाते आणि गळापर्यंत नुसती गुदगुली पोचते. ब्रेडेड लाईन जवळजवळ ताणली जात नाही. म्हणजे मोनो वापरायची तर जवळच गरवा, आणि लांब टाकायचंच असेल तर ब्रेडेड घ्या.

2. आधी मैदानात आपली फेक मोजा

खाडीवर जाण्याआधी एक सकाळ मैदानात घालवा. ल्युअरचे गळ काढून टाका किंवा तेवढ्याच वजनाचं शिसं बांधा. पंधरा पावलांवर एक बादली ठेवा आणि वीस वेळा तिच्या दिशेने टाका. मग पूर्ण ताकदीने पाच फेका आणि पावलांनी मोजा.

मला वाटत होतं मी साठ मीटर टाकते. भरले बेचाळीस. बादलीत वीसपैकी एकही पडला नाही, आणि ते जास्त लागलं.

इथे दोन सवयी लावून घ्या. पहिली: ल्युअर हवेत असताना पहिलं बोट रिळाच्या कडेला टेकवून लाईनचा वेग कमी करायचा, म्हणजे ल्युअर पाण्यावर आदळत नाही, अलगद उतरतो आणि लाईनला ढील पडत नाही. दुसरी: रिळाची कडी (लाईन अडवणारी तार) हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही. ढिली लाईन तशीच गुंडाळली गेली की पुढच्या लांब फेकीला पक्ष्याच्या घरट्याएवढा गुंता बाहेर पडतो. रविवारी कुठल्याही जेट्टीवर मान खाली घालून गुंता सोडवणारा एक तरी जण दिसतो. बहुतेक वेळा कारण हेच असतं.

आणखी एक काम याच सकाळी उरका. हँडलच्या एका फेऱ्यात किती लाईन येते ते मोजून ठेवा. या आकाराच्या रिळांत ती साधारण 70 ते 80 सेंटीमीटर असते. पुढे पाण्यावर अंतर मोजायची तीच तुमची पट्टी.

3. कॅलेंडरात तिथी बघा. फेकीची लांबी अर्धी तिथेच ठरते

हा भाग मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवा होता.

आपल्या खाडीत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त, पुढे सरकते. मोबाइलवर वेळापत्रक मिळतंच, पण किनाऱ्यावरचा जुना तोंडी हिशेब शिकून घ्या: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी थोडं उशिरा पोचतं. पण रविवारी जायचं की नाही हे ठरवायला एवढं पुरतं.

आता याचा फेकीशी संबंध. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं, खूप उतरतं, फरक चार मीटरच्या वर जातो. भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे सकाळी सहाला नेमकी सुकती. उत्साहाने पहाटे पाचला उठून तुम्ही काठावर पोचता आणि समोर पाणीच नसतं, नुसता गाळ आणि त्यावर उड्या मारणाऱ्या निवट्या. पाणी दूरच्या पात्रात गेलेलं असतं. तिथे पोचायला लांब फेक लागते, आणि तीही बहुतेक वेळा ल्युअर गाळातून ओढत आणण्यात जाते.

सप्तमी, अष्टमी, नवमीला भांग असतं. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ मंद. ओढ मंद म्हणजे गाळ कमी ढवळला जातो आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. शिवाय भरती सकाळी सहाच्या आसपास, म्हणजे उजाडताना पाणी काठाला टेकलेलं आणि मासाही काठाला. ही जवळच्या फेकीची सकाळ. नवशिक्याने पहिली वारी भांगाच्या दिवसांतच करावी असं माझं ठाम मत आहे, जेट्टीवरचे पट्टीचे गरवणारे 'उधाणाशिवाय मजा नाही' म्हणत असले तरी. उधाणाच्या ओढीत दहा ग्रॅमचं जिगहेड तळाला टेकतच नाही, आणि आपला ल्युअर कुठे आहे तेच नवख्याला कळत नाही.

दिवसभरातलं गणित थोडक्यात: पाणी चढत असताना मासा पाण्यासोबत काठाकडे, तिवरांच्या मुळांकडे सरकतो. पूर्ण भरतीला तो मुळांच्या आत शिरलेला असतो, तिथे ल्युअर पोचत नाही, चहा प्या. पाणी उतरायला लागलं की तो बाहेर येतो आणि नाल्यांच्या, उघाड्यांच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांच्या) तोंडाशी दबा धरतो, कारण आतली कोळंबी आणि पिल्लं त्याच वाटेने बाहेर पडणार असतात. ओहोटीच्या पहिल्या दोन तासांत मला सगळ्यात जास्त मासे मिळाले आहेत, आणि ते सगळे वीस मीटरच्या आत.

4. पोचल्यावर दहा मिनिटं काही फेकू नका

काठापासून चार पावलं मागे उभे राहा. जेट्टीवर पाय आपटत धावू नका. मासा धक्का अंगाने ऐकतो, आणि तुमची सावली पाण्यावर पडली तर काठाशी असलेला मासा तेव्हाच निघून जातो.

काय बघायचं? पाणी कुठल्या दिशेने वाहतंय. खांबाच्या, दगडाच्या मागे कुठे संथ कोपरा झालाय. गढूळ आणि त्याहून कमी गढूळ पाण्याची सीमारेषा कुठे आहे. बोयांची पिल्लं कुठे घाबरी होऊन उधळतायत. (बोय उगीचही उड्या मारते, प्रत्येक उडीमागे धावू नका. एका दिशेला, एकाच वेळी, पंधरा-वीस उधळली तर खाली कुणीतरी आहे.) 'टप्प' असा बूच उघडल्यासारखा आवाज आला तर हातातला चहा खाली ठेवा. जिताडा तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, त्याचा तो आवाज.

आणि मागे बघा. फेकताना मागे कोण उभं आहे, हे दर वेळी. तीन तोंडी गळ शेजाऱ्याच्या कानात गेल्याचं मी पाहिलं आहे. त्या दिवसापासून मी गळांची उलटी टोकं पकडीने दाबून टाकते.

5. पहिल्या वीस फेका जवळच्या

जवळची म्हणजे पाच ते पंधरा मीटर. पंख्यासारखी सुरुवात करा: आधी डावीकडे काठालगत, मग थोडं समोर, मग उजवीकडे. अगदी जवळचं पाणी आधी, दूरचं नंतर. उलटं केलंत तर दूरवरून येणारा ल्युअर आणि मधेच लागलेला एखादा शिंगाळा जवळच्या माशाला आधीच बिथरवतो.

यात आळस वाटतो, म्हणून हिशेब मांडते. साठ मीटरची फेक म्हणजे रिळाचे ऐंशी फेरे. सेकंदाला एक फेरा धरला तर फेकणं धरून दीड मिनिट, तासाला चाळीस फेका. बारा मीटरची फेक म्हणजे सोळा फेरे. अर्ध्या मिनिटात पुढची, तासाला एकशेवीस. मासा खांबाला किंवा मुळाला चिकटून असेल तर त्याच्या तोंडासमोरचे दोनच मीटर कामाचे. दोन्ही प्रकारांत ल्युअर त्या दोन मीटरांतून एकदाच जातो. पण एका तासात एकीकडे चाळीस वेळा, दुसरीकडे एकशेवीस वेळा. बाकीचे अठ्ठावन्न मीटर तुम्ही पाणी विंचरत असता.

दुसरं कारण आपलं गढूळ पाणी. इथे मासा ल्युअर लांबून बघून धावत येत नाही. अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर ओळखतो, आणि ती जवळूनच जाणवते. ल्युअर त्याच्यापासून एखाद्या हाताच्या अंतरावरून गेला पाहिजे. बारा मीटरवर तेवढा नेम बादलीवाल्या सरावाने जमतो. पन्नास मीटरवर कुणाचाच जमत नाही, वाऱ्यात तर नाहीच.

तिसरं कारण तांबोशी. हा मासा मुळांत दबा धरून बसतो, ल्युअर पकडतो आणि त्याच क्षणी मागे वळून घरात शिरतो. चाळीस मीटर लाईन बाहेर असेल तर तुम्हाला कळेपर्यंत तो तिवराच्या मुळाला दोन वेढे देऊन मोकळा. आठ-दहा मीटरवर असेल तर रॉड आडवा ओढून त्याला बाहेर काढता येतं.

रात्री दिव्याखाली गरवत असाल तर उजेड आणि अंधाराची जी रेषा पाण्यावर पडते तिच्या अंधाऱ्या बाजूला मासा असतो, तोंड उजेडाकडे करून. रेषेच्या पलीकडे दोन-तीन मीटर टाका आणि रेषा ओलांडून इकडे आणा. उजेडात टाकलेला ल्युअर उजेडातच परत येतो.

सापळा: ल्युअर पायाशी आला की लोक झटकन उचलतात. शेवटचे दोन मीटर सावकाश आणा, एक क्षण थांबवा, मग उचला. माझे निम्मे मासे त्या शेवटच्या दोन मीटरांत लागले आहेत. उचलण्याआधी जरा खाली वाका, मागे आलेला मासा दिसतो.

6. लांब, पण काठाला समांतर

लांब की जवळ या वादात लोक दिशा विसरतात. काठावर उभे राहून समोर चाळीस मीटर टाकलंत तर ल्युअर काठाच्या पाण्यात शेवटचे दोन मीटर असतो. तेच चाळीस मीटर बांधाला किंवा तिवरांच्या ओळीला समांतर टाकलेत तर चाळीसच्या चाळीस मीटर काठाचेच. मोजायला लांब, पण माशाच्या दृष्टीने जवळची फेक.

ही करायला थोडं पुढे आलेलं टोक लागतं: जेट्टीचा कोपरा, बांधाचं वळण. रॉड डोक्यावरून न आणता कमरेच्या उंचीने आडवा फिरवा, म्हणजे ल्युअर फांद्यांखालून जातो. पहिल्या दिवशी दोन-तीन ल्युअर फांद्यांना अर्पण होतील. ते काढायला गाळात उतरू नका, आणि फांद्या तोडूही नका. तिवरं कायद्याने संरक्षित आहेत.

नाल्याच्या तोंडाशी मात्र वेगळा नियम. तिथे प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि ल्युअर पाण्यासोबत खाली येऊ द्या, लाईन फक्त ताणलेली राहील एवढंच गुंडाळा. कोळंबी प्रवाहाविरुद्ध पोहत बाहेर पडत नाही. ल्युअर तसा पोहला तर मासा त्याच्याकडे शंकेने बघतो.

7. खरोखर लांब टाकायचं कधी

- मासा उघड्या पाण्यात दिसतोय तेव्हा. रावसाचा थवा पात्रात पिल्लांवर तुटून पडतो, पाणी उकळल्यासारखं दिसतं, वर पक्षी घिरट्या घालतात. तिथे ल्युअर थव्याच्या मधोमध नव्हे, पलीकडे किंवा पुढच्या बाजूला टाका आणि कडेने आणा. मधे आपटलात तर थवा बुडी मारतो.
- पाणी उथळ आणि निवळ असेल तेव्हा. पावसाळ्यानंतर भांगाच्या दिवसांत कधीकधी असं पाणी मिळतं. मासा तुम्हाला बघू शकतो, म्हणून अंतर ठेवावं लागतं.
- सुकतीला, पाणी मागे गेल्यावर, पात्राच्या कडेपर्यंत पोचायचं असेल तेव्हा.
- अनोळखी जागी, शोधाशोध करताना. पाच-सहा लांब फेका टाकून खोली, तळ, अडथळे समजून घ्या. कुठे टोचलं ते फेऱ्यांनी मोजा ("अकराव्या फेऱ्याला काहीतरी लागलं") आणि मग तेवढ्याच अंतरावर जवळून काम करा.

पूर्ण ताकद लावू नका. ऐंशी टक्क्यांत फेकलेला ल्युअर बहुतेक वेळा तेवढाच जातो, कधी जास्तच, कारण रॉड नीट वाकतो आणि ल्युअर हवेत गटांगळ्या खात नाही. लीडरची गाठ फेकताना रॉडच्या कड्यांमधून जात असेल तर तिथे अंतर कमी होतं. म्हणून लीडर आखूड ठेवून गाठ टोकाच्या कडीबाहेर लोंबू द्या.

8. ल्युअर काय म्हणतो तेही ऐका

डब्यावर 'दोन मीटर खोल जातो' असं लिहिलेलं असतं. पुढे जीभ असलेला मिनो टाकल्याबरोबर तेवढा खोल जात नाही. काही अंतर ओढल्यावर हळूहळू उतरतो आणि तुमच्याजवळ येताना लाईनच्या कोनाने परत वर येतो. दहा मीटरच्या फेकीत तो डब्यावरच्या खोलीला पोचतच नाही. उंच जेट्टीवर उभे असाल तर आणखी लवकर वर येतो. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे धरा. खोल पाण्यात मिनोच वापरायचा हट्ट असेल तर फेक लांब हवी. नाहीतर जवळच्या खोल पाण्यासाठी जिगहेडवरचं सॉफ्ट प्लास्टिक घ्या, सरळ खाली सोडा, मनात आकडे मोजा, तळाला टेकलं की लाईन सैल पडते. मग रॉड हातभर उचला आणि पुन्हा टेकू द्या. मासा बहुतेक वेळा खाली जातानाच घेतो.

पॉपर अगदी पायाशीही चालतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला. स्पून वजनदार, वाऱ्यात लांब जातो; त्याची जागा पायरी 7 मध्ये. मी चाळीस ग्रॅमचा तो जुना स्पून अजून बाळगते, पण पेटीच्या तळाशी.

9. वारा: खाडीची कुठली बाजू?

सकाळी वारा बहुतेक जमिनीवरून, पूर्वेकडून, हलका. दुपारी समुद्रावरून, पश्चिमेकडून, जोराचा. नवी मुंबईचा काठ खाडीच्या पूर्वेला. म्हणजे वाशी-नेरूळला दुपारनंतर वारा थेट तोंडावर येतो. तिथे लांब फेकीची झटापट करून खांदा दुखवून घेऊ नका, जवळ आणि समांतर गरवा. शिवाय वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी आणि त्यातली पिल्लंही तुमच्याच काठाला येतात. ठाण्याच्या, कोपरीकडच्या काठावर हेच उलटं, दुपारचा वारा पाठीशी. लांब टाकायची हौस तिथे भागते.

आडव्या वाऱ्यात लाईनला पोट येतं आणि मासा लागल्याचं उशिरा कळतं. फेक बुटकी ठेवा आणि ल्युअर पडताच रॉडचं टोक पाण्याजवळ न्या.

10. लागला तर

जवळच्या फेकीत मासा लागतो तेव्हा लाईन थोडी, झटका सगळा रॉडवर. म्हणून ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा लाईन सुटू देणारा रिळाचा ब्रेक) आधीच तपासा: हाताने लाईन ओढा, जोर लावल्यावर कुरकुरत सुटली पाहिजे. अगदी आवळून ठेवलात तर पायाशी लागलेला जिताडा लाईन तोडतो किंवा गळ सरळ करतो. झटका मारताना मागे उडी मारू नका, जेट्टी शेवाळलेली असते. लांबवर लागला तर आधी भराभर गुंडाळून लाईन ताणा, वजन जाणवलं की मगच रॉड ओढा. जिताडा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा रॉडचं टोक खाली न्या.

वर घेताना जाळी वापरा, लाईनने उचलू नका. कल्ल्यात बोटं घालू नका, कारण पायरी 1 मध्ये आलंच आहे. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोतला तो भला मोठा मासा बहुधा अंडी घालणारी मादी. मी मोठे सोडते, मधले घरी आणते. तुमचं तुम्ही ठरवा.

11. कुठे नाही

ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान पश्चिम काठाला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 साली जाहीर झालेलं. 2022 मध्ये ते रामसर यादीतही आलं. तिथे रॉड घेऊन जाऊ नका. उरणकडे बंदर आणि नौदलाच्या हद्दी आहेत, तिथेही नाही. तलाव आणि धरणांमध्ये मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो, विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

कोळीवाड्यांच्या जेट्ट्या त्यांच्या रोजीरोटीच्या जागा आहेत, दिवाळे असो की सारसोळे. होडी लागत असेल तर लाईन गुंडाळा, जाळी वाळत घातली असतील तर त्यांच्यावरून फेकू नका, आणि पाग टाकणाऱ्याच्या पुढ्यात ल्युअर टाकणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातला घास उचलणं. पाण्यात डोल जाळं किंवा ते बांधायचे खुंट दिसले तर त्या दिशेची लांब फेक बंद. विचारून, बाजूला उभे राहिलात तर उलट माहिती मिळते, मला मिळाली तशी.

गाळात कधीही उतरू नका, दहा पावलांवर अडकलेल्या दोनशे रुपयांच्या ल्युअरसाठीही नाही. वर पक्का दिसतो, मांडीपर्यंत आत जातो, आणि भरती थांबत नाही. पावसाळ्यात, विशेषतः साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी, घरी बसा. तुटलेली लाईन खिशात घाला. पक्ष्यांच्या पायांना तिचे वेढे बसलेले मी पाहिले आहेत.

घरी आल्यावर रीळ आणि ल्युअर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, सावलीत वाळवा. आणि जवळ गरवणाऱ्यांसाठी एक जास्तीचं काम: खांबांवरची कालवं आणि दगड लाईनचे पहिले दोन-तीन मीटर खरवडून काढतात. लांब फेकणाऱ्याला हे सहसा भोगावं लागत नाही, आपल्याला दर वारीला. तेवढा भाग नखावरून फिरवून बघा. खरखर लागली तर कापून टाका आणि लीडर नव्याने बांधा. मी एकदा कंटाळा केला होता, दिवाळ्याला, अष्टमीच्या सकाळी. मासा केवढा होता ते सांगत नाही, घरीही कुणी विश्वास ठेवला नाही.